एसीच्या पाण्यावरची ज्वारी

मी घोळाची भाजी खुडत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण अबुधाबीजवळच्या रुवैसच्या आमच्या कॉलनीत ती गोष्ट भलत्याच रंगात फिरली होती. रिफायनरीतल्या इंजिनियरची बायको, चांगली इतिहास घेऊन बी.ए. झालेली, आणि रस्त्याकडेच्या फुलांच्या वाफ्यात उकिडवी बसून गवत उपटते, म्हणे! आता पिटुनियाच्या बुडाशी कुणीही न पेरता लाल देठांची अशी रसरशीत घोळ उगवली असेल, तर नाक वर करून पुढे जाणारी बाई मी नव्हतेच कधी. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. बांधावरची घोळ, पाथरी, तांदुळजा खुडतच मी मोठी झाले. इथले माळी ती घोळ उपटून काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात टाकायचे. मग कचऱ्यात जायच्या आधी मी नेली, तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?

आमच्या ह्यांच्या दुखायचं. "अगं, त्या वाफ्यांना कसलं पाणी सोडतात, ठाऊक आहे का तुला?"

"तीन पाण्यांनी धुते."

"को-ऑपमध्ये पालक मिळतो, मेथी मिळते."

"घोळ मिळते का?"

आणि जेवताना हे चण्याची डाळ घातलेली तीच भाजी दोनदा वाढून घ्यायचे.

तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला धुराडी, आणि मध्ये कंपनीने वसवलेली आमची कॉलनी. घराला भाडं नाही, विजेचं बिल नाही, दारासमोर हिरवळ आणि मागच्या भिंतीला एसीच्या नळ्या. माणसं भली होती, पण सगळ्यांच्या तोंडी एकच पालुपद, "बस, अजून दोन वर्षं, मग परत." आमचेही हे तेच म्हणायचे, आणि लेक बालवाडीत होती तेव्हापासून म्हणत होते. त्यामुळे कुणी धड पडदे शिवायचं नाही, भिंतीला खिळा ठोकायचं नाही. आणि प्रत्येकाच्या बेडरूममध्ये कपाटावर टीव्हीचा रिकामा खोका, थर्माकोलसकट, जपून ठेवलेला. परत जाताना टीव्ही त्याच खोक्यातून जायचा होता ना! तो खोका दर शुक्रवारी पुसताना माझं डोकं फिरायचं. माणसाने राहायचं ते असं, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून?

लेक तेव्हा सहावीत होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. एके दिवशी तिची शाळेची बस गोल चौकातून वळली आणि चौकातल्या वाफ्यात मी! पदर खोचलेला, हातात को-ऑपची पिशवी. बसमधल्या एका मुलाने ओरडून सगळ्यांना दाखवलं. लेक घरी आली ती दप्तर आपटत.

"आई, एव्हरीवन सॉ यू! ही सेड, युअर मॉम ईट्स ग्रास!"

"मग सांगायचं ना, तूही ये जेवायला."

"इट्स नॉट फनी!" ती रडत खोलीत गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत पेरेंट्स मीटिंग असली की बाबाच यायला हवेत, आई नको, असं सुरू झालं. मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. बाहेर मी ताठ मानेने हिंडत होते, पण पोटची पोर आपल्याला लपवते आहे हे कळल्यावर घास गोड लागत नाही.

अशात तिच्या इतिहासाच्या पुस्तकात धडा आला. माणूस आधी शिकार करायचा, कंदमुळं गोळा करायचा, मग शेती करायला लागला, गावं वसली, नगरं झाली. ती जेवणाच्या टेबलावर बसून चित्र रंगवत होती. मी भाकरी थापत होते. सहज वाकून पाहिलं. एक दाढीवाला पुरुष ऐटीत बी फेकतोय आणि मागे एक बाई चुलीपाशी बसलेली.

"ही काय करतेय?"

"कुकिंग."

"आणि ह्याला बी कुणी दिलं?"

"आई, इट्स जस्ट अ पिक्चर."

"जस्ट कसलं! ज्याने उभा जन्म हरणामागे धावण्यात घालवला, त्याला कुठलं बी कुठे उगवतं हे एका सकाळी अचानक कळलं होय?" भाकरी तव्यावर करपली तरी माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. "आपल्याच घरातलं बघ. शुक्रवारी तुझे बाबा आणि त्यांचे मित्र गळ टाकायला जातात. काय आणतात?"

तिला हसू आलं. "सनबर्न."

"आणि त्या रात्री आपण काय जेवतो?"

"दॅट भाजी."

"आता बोल. शिकारीची चित्रं काढली गेली, कारण शिकारीत मिरवायला मिळतं. पोट भरलं ते खुडून, वेचून आणलेल्यावर. आणि वेचायला कोण जायचं?"

पलीकडे सोफ्यावर हे पेपर वाचत होते. पेपरामागून आवाज आला, "गेल्या शुक्रवारी एक मासा लागला होता."

"बोटाएवढा. तोसुद्धा परत सोडलात."

मग मी तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथे दाखवण्यासारखं काहीतरी होतं.

माहेरची मालदांडी ज्वारी मी दर सुट्टीत बॅगेतून आणायची आणि घरच्या चक्कीवर दळायची. दळायच्या आधी मागच्या दारात बसून सुपात पाखडायची. फोलपटं, किडके दाणे, कधी त्यांच्याबरोबर चार चांगलेही, तिथेच भिंतीलगत पडायचे. आणि त्याच भिंतीला आमच्या एसीची नळी. उन्हाळाभर थेंब थेंब पाणी गळत राहिलेलं. ऑक्टोबर लागला आणि एका सकाळी पाहते तर वाळूत हिरवे कोंब! मी पेरलं नव्हतं, रुजवलं नव्हतं. माझ्या केरात ज्वारी उगवली होती. गुडघाभर झालेली ती धाटं पाहून मला इतका आनंद झाला होता की कुणाला सांगावं हेच कळेना. मग मीच मूठभर दाणे आणून शेजारच्या दोन घरांच्या नळ्यांखाली टोकले होते. तीही आता वर आली होती.

"हे असं झालं असणार," मी लेकीला म्हटलं. "रानातल्या गवताचा दाणा पिकला की गळून मातीत पडतो. हाती काही लागत नाही. पण एखादं कणीस अडेल असतं, दाणा सोडत नाही. बाई घरी काय आणणार? ते अडेलच. घरापाशी निवडताना त्यातले चार दाणे उकिरड्यावर पडले. दुसऱ्या वर्षी तिथेच उगवले. तिने ते पाहिलं. बस, एवढीच शेती."

"बाय मिस्टेक?"

"चूक सगळ्यांकडून होते गं. तिने पाहिलं, हे महत्त्वाचं. आणि मग तिने सगळ्यांत अवघड काम केलं. घरात भूक असताना थोडे दाणे बाजूला काढून ठेवले. ह्यांना हात लावायचा नाही, हे पुढच्या वर्षीचं, म्हणाली. शिकाऱ्याला पुढचं वर्ष नसतं, आज मिळालं ते आज खायचं. पेरणाऱ्याला असतं. पेरलं म्हणजे थांबणं आलं."

ती खाली बसली आणि पानाला हात लावून पाहिला. त्या दिवसापासून शाळेतून आली की आधी मागच्या दारी जायची, फूटपट्टी घेऊन.

पुढची भानगड तिनेच करून ठेवली. वर्गात उभी राहून सांगितलं की पहिला शेतकरी बाई होती, पुस्तकातलं चित्र चुकीचं आहे, आणि माझी आई घरामागे ज्वारी पिकवते आहे. तोच बसमधला मुलगा हसला. वर्गाच्या बाई म्हणाल्या, रुवैसच्या वाळूत ज्वारी? बरं, जानेवारीत शाळेचं प्रदर्शन आहे, शनिवारी. कणीस घेऊन ये, मग बघू. लेक घरी आली ती घाबरलेली. "आई, इट विल ग्रो, नो? आय टोल्ड एव्हरीवन."

"वाढेल. माझा शब्द," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण खात्री मलाही नव्हती. माझी फजिती झाली असती तर मी खपवून घेतली असती. आता ज्वारी बुडाली तर अख्ख्या वर्गासमोर पोर बुडणार होती, आणि पुन्हा कधी माझं ऐकणार नव्हती.

पहिलं संकट पाण्याचं. डिसेंबरात थंडी पडली, कॉलनीत सगळ्यांचे एसी बंद झाले आणि नळ्या सुकल्या. कॉलनीचा नियम होता, नळाचं पाणी खाजगी बागेला वापरायचं नाही. ठीक आहे. नियम मोडायची मला हौस नव्हती. एसीच्या पाण्याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. मी आमचा एसी चालू केला, एकदम सोळावर.

हे शिफ्टवरून आले आणि दारातच थबकले. मी शाल पांघरून, लेक स्वेटर आणि कानटोपी घालून अभ्यासाला बसलेली.

"डोकं ठिकाणावर आहे का? बाहेर हवा किती छान आहे!"

"ज्वारी पोटरीत आहे. कणीस पोटात धरलंय तिने. आता पाणी तोडलं तर संपलं."

"आपण इथे कायमचे आहोत का? दोन वर्षांत जायचंय. कशाला इथे मुळं रोवतेस?"

"मुळं मी नाही रोवली. ती आपली आपण रुजली. मी फक्त उपटणार नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि कपाटातून स्वेटर काढला. एसीचं पाणी थंडीत फार गळेना, म्हणून मी तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी साठवायला लागले. भिंतीपलीकडची गुजराती शेजारीण, तिच्यापुढची तमिळ, दोघींनी आधी माझ्या घोळीवरून यथेच्छ नाकं मुरडली होती. पण धाटं त्यांच्याही भिंतीला लागून होती. एक दिवस तमिळ शेजारीण स्वतःहून तांदळाच्या पाण्याची बादली घेऊन आली. "हमारा वाला थोडा छोटा है," कुरकुरत म्हणाली. तिचं 'हमारा वाला' ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

कणसं निसवली, बाहेर पडली, आणि साळुंक्या आल्या. माहेरी गोफण होती. मी जुन्या ओढणीची एक वळलीसुद्धा, पण समोर ओळीने उभ्या गाड्यांच्या काचा पाहून ह्यांनी हात जोडले. मग मी कणसांना ह्यांचे जुने मोजे घातले. काळे, करडे, कंपनीच्या सेफ्टी शूजमधले. कॉलनीत पुन्हा चर्चा! हसा म्हटलं, खुशाल हसा. दाणे भरत होते.

आणि जानेवारीत हौसिंग ऑफिसचा सुपरवायझर आला. सुदानचा, उंचापुरा, शांत माणूस. तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. कंपनीचे कोणी मोठे साहेब कॉलनी पाहायला येणार होते. घरांमागचं सगळं बुधवारी साफ करायचं होतं, जुन्या सायकली, पत्रे, खोकी, झाडं. तो धाटांपाशी आला, एका कणसावरचा मोजा काढला, आणि तसाच उभा राहिला.

"मॅडम, ये धुर्रा है." ज्वारीला त्यांच्याकडे तेच म्हणतात. त्याने चार दाणे चिमटीत दाबून पाहिले. "मेरा मदर लगाता था."

माझ्या अंगात बळ आलं. "फिर? माँ लगाती थी और बेटा काटेगा?"

तो हसला नाही. मोजा परत नीट चढवला. "मैं जानता है. लेकिन जाना होगा. वेनस्डे, खलास."

"शनिवार तक रुको. बच्ची का स्कूल है."

"मॅडम, आप लोग आता है, जाता है. नेक्स्ट इयर आप किधर, मैं किधर, कौन जानता? छोडो."

"तेच तर!" मी मराठीतच ओरडले. "सगळे हेच म्हणतात, म्हणून तर कुणी काही लावत नाही इथे!"

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. जाता जाता म्हणाला, "ये लाइन मैं लास्ट में करेगा. शाम को." त्याच्या हातात तेवढंच होतं बहुतेक.

लेक दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिला जवळ घेतलं नाही, मला राग आवरत नव्हता. "हे बघ," म्हटलं, "कापायचंच आहे ना? मग मी कापीन. माझं पीक कंपनीच्या कटरखाली जाणार नाही. आणि नळीखालची पहिली तीन धाटं आपली आपण उगवलेली आहेत, सगळ्यांत आधीची. ती पिकलीत का बघ."

तिने तीन मोजे काढले. त्या कणसांचे दाणे कडक झाले होते, नखाने दबेनात. बाकीची अजून कोवळी, दुधाळ, हिरवी होती. आणि कोवळ्या ज्वारीचं काय करायचं हे मंगळवेढ्याच्या बाईला शिकवायला नको!

बुधवारी दुपारी मी सुरीने सगळी धाटं कापली. ह्यांचं बार्बेक्यूचं लोखंडी ताट मागच्या दारी मांडलं, कोळसे फुलवले आणि कणसं भाजायला घातली. गुजराती आली, तमिळ आली, त्यांची पोरं आली. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलकट उडवायचं, की हिरवा हुरडा हातात. लसणाची चटणी, शेंगदाणे, गुळाचा खडा. वाट्याला फार नव्हतं, मूठ मूठभर. पण त्या वाळूत, धुराड्यांच्या समोर, आम्ही आमच्या सांडपाण्यावर पिकवलेला दाणा खात होतो. मी रडले. सगळ्यांसमोर, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

संध्याकाळी सुपरवायझर दोन माणसं आणि कटर घेऊन आला. कापायला काही उरलंच नव्हतं. मी त्याच्या हातावर हुरडा ठेवला. त्याने खाल्ला, दुसऱ्यांदा हात पुढे केला आणि मग माणसांना घेऊन पुढच्या गल्लीत गेला. लेक तेवढा वेळ घरात होती. तीन पिकली कणसं तिने शाळेच्या केसांच्या रिबिनीने बांधून कपाटात ठेवली होती. हुरड्याचा एक दाणाही तिने खाल्ला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "आफ्टर सॅटरडे."

शनिवारी निघताना मी मुद्दामच सोफ्यावर बसून राहिले. ती बूट घालून दारात उभी. "आई, चल ना. आय नीड यू टू एक्स्प्लेन." मी पटकन पायात चपला सरकवल्या.

प्रदर्शनात बाकीच्यांनी थर्माकोलची नगरं केली होती, मातीच्या विटांची, न्हाणीघरांची, सुंदर होती. आमच्या टेबलावर तीन कणसं, एक सूप आणि वाटीभर वाळू. तो बसमधला मुलगा आला आणि कणीस पाहून म्हणाला, "सो इट इज ग्रास."

"यस," लेक म्हणाली. "सो इज व्हीट. सो इज राइस. यू ईट ग्रास एव्हरी डे." आणि माझ्याकडे बोट केलं. "माय मॉम ग्र्यू इट."

मी समजावायला गेले होते. मला तोंडही उघडावं लागलं नाही.

बाई आल्या. कौतुकाने दाणे पाहिले, खरंच चुकले, म्हणाल्या. मग म्हणाल्या, ही कणसं आपण शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवू, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून. केवढा मान! हेही आमच्याबरोबर आले होते, माझ्या शेजारी उभे राहून खूश होऊन मान डोलावायला लागले.

लेकीने कणसं छातीशी धरली. "नो, मिस. दॅट्स फॉर नेक्स्ट इयर."

"नेक्स्ट इयर? विल यू बी हिअर, डियर?"

लेक थांबली. मग बाबांकडे वळली आणि एवढ्या लोकांत स्वच्छ मराठीत विचारलं, "बाबा, आपण आहोत ना इथे?"

पालुपद ह्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, आणि गिळलेलंही दिसलं. मान हलवली एवढंच. ती होकाराची होती की कसली, मलाही कळलं नाही.

घरी आल्यावर लेक विचारत होती, कणसं वाळवायला सपाट, कोरडं काय आहे घरात. मी परात शोधत होते. एवढ्यात बेडरूममधून कपाटाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग थर्माकोल मोडल्याचा. हे बाहेर आले ते टीव्हीचा खोका घेऊन. स्वयंपाकघरातली सुरी मागितली, खोका चारी बाजूंनी फाडला, मागच्या दारात उन्हात पसरला आणि लेकीला म्हणाले, "ठेव यावर."

"अहो, मग टीव्ही कसा न्यायचा?" मी विचारलं.

"राहू दे इथेच," ते म्हणाले, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायला लागले.